होडीच्या पोटातलं लोखंड

बाबांना पाण्याची भीती वाटते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे. ते चिपळूणच्या वरच्या अंगाचे, घाटाच्या पायथ्याच्या गावातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे शिंपी. मुंबईहून कुवेतला येताना बोटीवरचे सगळे दिवस त्यांनी डोक्यावरून पांघरूण घेऊन काढले होते, असं त्यांच्याबरोबर आलेले गाववाले सांगायचे आणि हसायचे. आई मात्र जयगडच्या खाडीकाठची. तिचे वडील खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे सोडणारी होडी, चालवायचे, आणि लग्न होईपर्यंत आईनेही त्यांच्या हाताखाली वल्हं मारून कितीतरी माणसं, बकऱ्या, भाताची पोती या तीरावरून त्या तीरावर सोडली होती. अशी बाई कुवेत शहरातल्या मिरकाब वस्तीच्या मातीच्या घरात येऊन पडली. समुद्र तिथून चालत जाण्याइतका जवळ. वारा फिरला की खारा वास थेट अंगणात यायचा. पण इतक्या वर्षांत ती एकदाही किनाऱ्यावर गेली नव्हती. कोणी विचारलं तर म्हणायची, "पाणी बघून काय करू? प्यायचं ता टँकरातनंच येतंय."

त्या घराच्या भिंती जाड होत्या, छत बांबू-चटयांचं, मध्ये अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. सकाळी पहिला आवाज फजरच्या अजानचा, दुसरा पाण्याच्या टँकरच्या भोंग्याचा, तिसरा आईच्या रॉकेलच्या स्टोव्हचा. माझा मोठा भाऊ यूसुफभाई कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, घेऊन यायचा, पण बाबांना त्याने पोट भरल्यासारखं वाटत नसे. त्यांच्यासाठी आई तांदळाची भाकरी थापायचीच. झुबैदी मासा, म्हणजे आपलं पापलेट, मुबलक मिळायचं. नारळ मिळाला तर सणच. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर सुकट आणि आमसुलं मागवलेली असत, आणि सुकट भाजली की शेजारची इराणी बाई दार लावून घ्यायची. दुपारी शिवणाच्या मशीनचा आवाज. बाबांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण जाड कॅनव्हासची कामं ते घरी आणत, कारण तेवढं कापड पसरायला जागा अंगणातच होती. दुकानांचे पडदे, मोटारींची आच्छादनं, तंबूंची दुरुस्ती आणि कधीकधी इंग्रज साहेबांच्या छोट्या होड्यांची शिडं. आणि या सगळ्या आवाजांच्या मागे, रोज, घरं पाडणाऱ्या यंत्रांचा आवाज. बलदिया, म्हणजे तिथली नगरपालिका, जुनं मिरकाब पाडत होती. आज ही भिंत, उद्या ती. धूळ भातात यायची, चहात यायची, कुराणशरीफच्या कापडावर बसायची.

मी तेव्हा सोळा-सतराची. शाळा संपली होती आणि पुढे काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. मला एका जागी बसवत नसे. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची, गच्चीवर चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. गच्चीवरून लांबवर समुद्राची एक राखाडी पट्टी दिसे आणि तिच्यावर उभी राहिलेली जहाजं. कुठलं येतंय, कुठलं जातंय, याचा मला ध्यास लागला होता. स्वतःला कुठे जायचंय हे मात्र ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, "रजू, पायाला चाकं लागल्येत काय तुझ्या? बस जरा." पण मी पाहत होते, तीही बसत नसे. भाकरी थापता थापता उठायची, दाराशी जायची, वारा कुठून येतोय ते बघायची आणि परत यायची. वाऱ्याशी तिला काय करायचं होतं? वाळत घातलेले कपडे सोडले तर काहीच नाही.

होडी आमच्याकडे आली ती अशी. मीना अब्दुल्ला बंदराच्या रिफायनरीतल्या एका साहेबासाठी बाबांनी शीड शिवलं होतं. साहेबाची बदली झाली. जाताना त्याने होडी, ट्रेलर, सगळं बाबांना देऊन टाकलं. म्हणाला, इथे उभी राहून वाळूत सडेल, त्यापेक्षा ज्याने शीड शिवलं त्याने न्यावी. बाबांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी ते शीड रात्रंदिवस खपून शिवलेलं, त्यात वारा भरलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. संध्याकाळी यूसुफभाईने ऑफिसातल्या मित्राची पिकअप मागून आणली आणि ती होडी ओढत आमच्या गल्लीत आली. शेजारचं घर पाडून झालेल्या मोकळ्या जागेत तिला उभी केली तेव्हा सगळी गल्ली जमली. कोणीतरी विचारलं, "दर्जी, अब समुंदर में दुकान खोलोगे क्या?" आई दारातून पाहत होती. मग ती बाहेर आली, होडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "हिच्या पोटात भोक हाय!"

भोक नव्हतं, फट होती. होडीच्या बरोबर मध्यावर एक उभी अरुंद पेटी, आणि त्या पेटीतून दरवाजाच्या फळीसारखं एक पोलादी पातं खालीवर व्हायचं. साहेब त्याला कील म्हणत. पातं खाली सोडलं की होडी वाऱ्याने उलटत नाही, कलली तरी पुन्हा उठते आणि आडव्या वाऱ्यातही धरलेल्या वाटेने जाते. पण खाली सोडलेलं पातं घेऊन होडी ना उथळ पाण्यात तरंगते, ना ट्रेलरवर बसते. म्हणून पेटीच्या वर एक लोखंडी चौकट होती, तिच्यावर दात्यांचं चाक, हँडल आणि तारेचा दोर. हँडल फिरवलं की पातं वर. ट्रेलरवर असताना ते पूर्ण वर घ्यायचं, पेटीच्या आणि पात्याच्या भोकांतून आरपार एक जाड खीळ घालायची, मग खाली ट्रेलरच्या आडव्या दांड्यावर लाकडी ठोकळा सरकवून पात्याचं सगळं ओझं त्या ठोकळ्यावर टेकवायचं. तारेवर लटकत ठेवायचं नाही. रस्त्याचा प्रत्येक धक्का तारेला बसतो. हे साहेबाने भाईला सांगितलं होतं, भाईने बाबांना, आणि बाबांनी मला; कारण हे काम माझ्याकडे आलं. भाई गाडी चालवणार, बाबा हुकूम सोडणार, आईला असल्या यंत्राचा राग. तिच्या खाडीतल्या होड्यांचा कणा लाकडाचा, जन्मापासून जागच्या जागी. "वरखाली होणारा कणा तो कसला कणा?" असं ती म्हणायची.

मला मात्र ते काम मिळाल्यापासून हातांना काहीतरी सापडल्यासारखं झालं. माझी नात, जी कुवेतमध्येच जन्मली आणि फोनवर मला इंग्रजीतच उत्तरं देते, ती विचारते की दादी, तुम्हाला तेव्हा करमणूक काय होती? तिला मी काय सांगू की आमची करमणूक म्हणजे शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, एक खीळ काढणं आणि घालणं?

शुक्रवारी आम्ही फिंतासच्या पुढच्या किनाऱ्यावर जायचो. पिकअपच्या पुढच्या सीटवर आम्ही चौघं दाटीने, मांडीवर डब्यात भाकऱ्या आणि तळलेली झुबैदी. किनाऱ्याशी आलं की भाई टायरमधली हवा थोडी काढायचा, म्हणजे चाकं वाळूत रुतत नाहीत. तरी रुतायचीच, मग चाकांखाली फळ्या घालायच्या. ट्रेलर उलटा पाण्यात ढकलायचा. होडी तरंगली की मी आत बसून वाट बघायची. घाई केली तर पातं वाळूत घुसतं आणि फटीत शिंपले अडकतात. पहिल्याच शुक्रवारी तसं झालं होतं आणि संध्याकाळ होईपर्यंत आम्ही एका सळीने शिंपले खरवडत बसलो होतो. होडी धरून चालणाऱ्या आईच्या छातीपर्यंत पाणी आलं की ती ओरडायची, "सोड गो आता!" मी आधी हँडलने ओझं तारेवर घ्यायची, खीळ उपसायची आणि हळूहळू पातं उतरवायची. लोखंड लोखंडावर घासत जायचं, तळाला पोचलं की होडीच्या अंगातून एक जड, समाधानाचा ठोका यायचा. मग आई आत चढायची. अंगावरचा काळा अबाया काढून घडी करून ठेवायची, ओढणी कमरेला खोचायची आणि सुकाणू धरायची. त्या क्षणी ती आमची आई राहत नसे. मान वेगळी व्हायची, आवाज वेगळा व्हायचा. आणि बाबा? बाबा घोट्याएवढ्या पाण्यात, पायजमा वर धरून, उभे. आम्ही लांब गेलो तरी त्यांचे शब्द ऐकू यायचे, "शीड फार ताणू नका! शिवण उसवेल!" शिवणीला काय होणार होतं? ते एकदाही आत बसले नाहीत. आईने एकदाच विचारलं, "येता काय?" त्यांनी मान हलवली आणि तिने पुन्हा विचारलं नाही.

मग आमच्या घराच्या दारावर बलदियाच्या माणसाने लाल रंगाने खूण केली. घर जाणार होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी सांगून टाकलं की आईने आणि मी गावाला परत जायचं. ते आणि भाई पुरुषांच्या खोलीत राहतील, तिथे चारपाच गाववाले होतेच. तिकिटं बघून ठेवली आहेत. आईने त्यांच्या ताटात भात वाढला. मी विचारलं, "आणि होडी?" बाबा म्हणाले, "अबू सालेमला देतो." अबू सालेम हा मीना अब्दुल्लाचा एक कुवेती, जाळी आणि मासेमारीचं सामान विकणारा, बाबा त्याच्यासाठी कॅनव्हास शिवत आणि तो आल्याशिवाय बाबांचा चहा होत नसे, इतकी मैत्री. मला रडू आलं नाही. मी गच्चीवर गेले. त्या राखाडी पट्टीवरची जहाजं तीच होती, पण आता त्यांतलं एक माझ्या नावाचं होतं, आणि मला कुठे जायचं नाही हे मला त्याच वेळी कळलं. चिपळूणच्या त्या घराची मला आठवणही धड नव्हती. तिथे गेल्यावर चार महिन्यांत माझं लग्न लागेल आणि आई चुलीपुढे बसेल, खाडी तिथूनही लांब. रात्री आई आणि मी दोघीही जाग्या होतो, एकमेकींना ते माहीत होतं.

होडी पोचवायला आम्ही चौघंही निघालो. मी स्वतः पातं वर घेतलं होतं, खीळ घातली होती, ठोकळा बसवला होता, दोनदा वाकून बघितलं होतं. मोठ्या डांबरी रस्त्यावर काही झालं नाही. पण मीना अब्दुल्लाकडे वळल्यावर बांधकामामुळे रस्ता बंद होता आणि सगळ्या गाड्या बाजूच्या कच्च्या वाटेवरून जात होत्या. वाऱ्याने वाळूच्या अशा वळ्या पडलेल्या की पिकअप थरथरत होती, दात वाजत होते. मागून एक आवाज यायला लागला. भाईने गाडी थांबवली. धक्क्यांनी ठोकळा निसटून पडला होता, पात्याचं सगळं ओझं खिळीवर आलं होतं आणि खीळ मधोमध वाकली होती. आणखी एक मैल गेलो असतो तर ती तुटून पातं जमिनीत घुसलं असतं.

"खीळ बदलू," भाई म्हणाला. त्याच्याकडे दुसरी होती.

करायचं काय ते सोपं होतं. मी हँडलने ओझं तारेवर घ्यायचं, भाईने वाकलेली खीळ हातोडीने ठोकून काढायची, बाबांनी खालून ठोकळा सरकवायचा, मग नवी खीळ. मी वर चढले. हँडल फिरवलं, तार ताणली, पातं बोटभर वर आलं. तार बाहेरून चकचकीत होती, ग्रीस लावलेली. आतून ती कधीच गंजली होती, हे नंतर अबू सालेमने ती उलगडून दाखवली तेव्हा कळलं. बाबा ट्रेलरखाली आडवे होते. "सरकवतोय," त्यांचा आवाज आला. भाईने ठोकलं. खीळ निघाली. आणि माझ्या कानाशी चाबूक कडाडल्यासारखा आवाज झाला, हँडल माझ्या हातात हलकं झालं, आणि खालून तो ठोका आला. नेहमीचाच ठोका. फक्त या वेळी खाली पाणी नव्हतं.

बाबा ओरडले नाहीत. आई ओरडली. मी कडेवरून वाकून पाहिलं तर बाबांचा उजवा हात मनगटापर्यंत दिसत होता, त्यापुढे ठोकळा आणि त्यावर पातं. त्यांचा चेहरा वाळूसारखा झाला होता. भाईने दोन्ही हातांनी पातं उचलायचा प्रयत्न केला, मग आईने त्याच्याबरोबर. ते हललंसुद्धा नाही. दोघं उचलू शकतील असं ते नव्हतंच, आणि धरायला जागाही नव्हती. मला फक्त एवढं दिसलं की पात्याच्या वरच्या टोकाला तारेची कडी तशीच आहे. शीड चढवायचा दोर मी डोलकाठीवरून सोडवला, कडीतून ओवला आणि लोखंडी चौकटीवरून घेऊन बाहेर टाकला. गाठ दोनदा सुटली. खालून बाबांचा आवाज आला, अगदी दुकानात बोलावा तसा, "मधोमध बांध. कडेला बांधशील तर तिरकं ओढलं जाईल." आजही मला कळत नाही, त्या माणसाला त्या वेळी हे सुचलं कसं.

भाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता. वफ्राच्या शेतांकडून एक ट्रक आला, टोमॅटोच्या पेट्यांनी भरलेला, आणि पेट्यांवर बसलेले मजूर, डोक्याला कापड गुंडाळलेले. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्यांना. भाईने नुसतं बोट दाखवलं. ते उड्या टाकून आले, सहा-सात जण दोराला लागले, एकाने "यल्ला" म्हटलं आणि सगळ्यांनी ओढलं. पातं तळहाताएवढं वर आलं. आईने बाबांना काखेत धरून मागे खेचलं. तिने ओढणी काढून त्यांच्या हाताला गुंडाळली, एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि प्रत्येक वेढा लाल होत गेला. त्याच ट्रकमधून, पेट्यांमध्ये बसून, आम्ही दवाखान्यात गेलो. होडी तिथेच रस्त्याच्या कडेला तोंड वर करून उभी राहिली.

दोन बोटं गेली. तिसरं राहिलं पण ते पुढे कधी वाकलं नाही. अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत होती. शिंप्याच्या उजव्या हाताला कात्रीसाठी जे लागतं तेच नेमकं गेलं होतं, हे डॉक्टरला सांगायची गरज नव्हती. बाबा पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत होते त्यावरून ते दिसत होतं. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, "तुम्ही दोघी जा. तिकिटं हायत. यूसुफ बघील माझं."

"यूसुफ दिवसभर हापिसात. दुकान कोण बघणार?" आईने विचारलं.

"बंद करू."

"आणि तुम्ही काय करणार? त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसणार?"

"यूसुफच्या आई, मी सांगतो ता ऐक."

"आजवर ऐकलं." आई त्यांच्यासमोर उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता. पण मी तो ओळखला. सुकाणू हातात असताना तो तसा लागायचा. "मी जाणार नाय. घर पाडूदेत. दुकानाच्या मागची खोली हाय, तिथे राहू. शिवण मला येतंय. जाड कापड मशीनखालनं कसं काढायचं ता मी बारा वर्षं बघतंय."

"आणि कापायचं कोणी? कॅनव्हास कापायला मनगट लागतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मला राहायचं होतं, जिवापाड राहायचं होतं, पण हे अशा रीतीने मिळावं असं कोण मागेल? मी आत जाऊन मोठी कात्री घेऊन आले. ती इतकी जड होती की दोन्ही हातांनी धरावी लागली, आणि माझे हात थरथरायला लागले. अपघात झाल्यापासून ते थरथरतच होते. कुठे भांडं पडलं, कुठे पाडकामाच्या यंत्राने दणका दिला, की बोटांतली ताकद निघून जायची. बाबांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. आमचं घर पाडताना मी पाहायला गेले नाही, आई गेली. परत आली आणि भाकऱ्या थापायला बसली. दुकानात पुढे एक पडदा लावला. पडद्यापुढे बाबा खुर्चीवर बसून गिऱ्हाईकांशी बोलत, मागे आई मशीनवर आणि मी जमिनीवर कापडासमोर गुडघे टेकून. बाबा मधूनच आत येऊन माझ्या डोक्यावर उभे राहत. "खडूच्या आतून काप. आतून म्हटलं मी!" पहिले काही आठवडे मी इतकं कापड वाया घालवलं की आता आठवलं तरी लाज वाटते. एकदा भाजीवाल्याच्या दुकानाचा पडदा मी एका बाजूने वीतभर तिरका कापला. बाबा ओरडले. मीही ओरडले, "मग तुम्हीच कापा!" आईचं मशीन थांबलं. बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले, मग खाली बसले, डाव्या हातात खडू धरला आणि लहान मुलासारखी वाकडी रेघ ओढत म्हणाले, "चल. दोघांनाही येत नाय. दोघं शिकू." त्यानंतर मला कापता यायला लागलं असं नाही. पण मला कापायची भीती वाटेनाशी झाली. फक्त लोखंडाच्या आवाजाची भीती राहिली.

थंडी संपत आली तेव्हा एका शुक्रवारी बाबा म्हणाले, "मीना अब्दुल्लाला जाऊ."

होडी अबू सालेमकडेच होती. त्यानेच ती रस्त्यावरून ओढून नेली होती, तारेच्या जागी साखळी बसवली होती, आणि बाबांना निरोपावर निरोप पाठवला होता की येऊन बघ. आम्ही कोणी गेलो नव्हतो. आईने विचारलं, "कशाला?"

बाबा म्हणाले, "झोपेत तो आवाज येतो. रोज. मला ता लोखंड हळू उतरताना ऐकायचंय. एकदा."

मलाही तो यायचा. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

अबू सालेमने आम्हाला पाहिलं आणि बाबांना दोन्ही गालांवर चुंबन देऊन आधी चहा पाजला. मग ट्रेलर पाण्याकडे न्यायला त्याची माणसं आली. ठोकळा, खीळ, साखळी, सगळं मी हात लावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि अबू सालेम हसून भाईला म्हणाला की तुझी बहीण माझ्यावर विश्वास ठेवत नाही. होडी तरंगली. भाई आणि आई ती धरून पुढे नेऊ लागले. मी आत बसले. आणि मागून पाण्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर बाबा येत होते. पायजमा वर धरलेला नव्हता. पाणी गुडघ्यावर, मांडीवर, कमरेवर. डोळे समोर एका जागी रोवलेले, ओठ हलत होते, काहीतरी पढत होते. त्यांनी डावा हात पुढे केला, भाईने धरला, आणि ते आत आले आणि होडीच्या तळाशी बसून राहिले, दोन्ही पाय पेटीला टेकवून.

पाणी आईच्या छातीला लागलं. "सोड गो," ती म्हणाली, पण नेहमीसारखी ओरडली नाही.

मी ओझं साखळीवर घेतलं, खीळ उपसली आणि हँडल धरून बसले. फिरवायचं होतं, हात फिरत नव्हता. बोटं हँडलला चिकटून गेली होती. आई वाट बघत होती, भाई बघत होता. बाबा पुढे सरकले. त्यांनी उजवा हात, तो दोन बोटं नसलेला, माझ्या हातावर ठेवला. अंगठा, करंगळी आणि ते न वाकणारं बोट. त्यांच्या हाताला फारशी पकड नव्हती, पण ओझं होतं.

"हळू," ते म्हणाले. "एक दाता. मग दुसरा."

आम्ही सोडत गेलो. लोखंड लोखंडावर घासत होतं. बाबांचा श्वास माझ्या कानाशी जोरजोरात चालला होता आणि बहुतेक माझाही. तळ आला तेव्हा ठोका आला, इतका मऊ की होडीच्या लाकडाने तो आपल्याजवळच ठेवून घेतला. बाबांनी डोळे मिटले होते. ते उघडायला त्यांना वेळ लागला.

आई आत चढली, अबायाची घडी घातली, सुकाणू धरलं. भाईने शीड चढवलं. वारा भरला आणि होडी एका अंगाला कलली. बाबांनी घाबरून पेटी कवटाळली. होडी कललेलीच राहिली, उलटली नाही, आणि किनारा मागे जायला लागला. बराच वेळ बाबा नुसते खाली बघत होते. मग त्यांनी डोकं वर केलं आणि आईला विचारलं, "आणखी किती लांब नेणार हायस?"

आईने किनाऱ्याकडे वळून पाहिलं नाही. ती म्हणाली, "घाबरलात तर सांगा, वळवते."

बाबांनी पेटी कवटाळलेले हात सैल केले आणि भरलेल्या शिडाकडे पाहिलं. मग आईने शिडाचा दोर आणखी ओढला.